न मारलेली हाक

मोठ्या बाई, तुम्ही एका मुलीला भित्री ठरवलंत, आणि ते ठरवायला तुम्हाला कपातला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. तिला नापास केलंत याबद्दल भांडण नाही. नापास करायलाच तुम्हाला नर्सिंग स्कूलच्या त्या खुर्चीत बसवलंय. भांडण आहे ते पुढचं. "हा भित्रेपणा टाकून ये, मग बघू," असं तुम्ही तिला सांगितलंत, आणि त्या पोरीने तुमचं ऐकलं. ती तो खरोखर टाकून आली. टाकल्यावर तिच्यापाशी काय उरलं, हे बघायची तसदी तुम्ही घेतली नाहीत.

तिला घरी भागू म्हणत. भित्री भागूबाईतली भागू. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच राहिलं. भीती तिला आईकडून मिळाली होती, जसं इतरांना नाक मिळतं किंवा केस. आई लाँड्रीत इस्त्री करायची. दुकानाला कुलूप लावून निघाली की अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरायची, इस्त्रीची पिन काढली की नाही ते बघायला. भागू शाळेतून परस्पर तिकडे यायची आणि आईबरोबर माघारी जायची. आई पिन बघायची, भागू इस्त्रीजवळ हात नेऊन ती गार होतेय ना ते बघायची. मामा म्हणायचा, आमच्याकडे एक इस्त्री विझवायला दोन बायका लागतात.

आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भागू तिच्यापाशी दवाखान्यात राहिली. तिथे एक सिस्टर होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. कोणी बोलावलेलं नसताना त्या यायच्या, आईच्या कपाळाला हात लावायच्या, नळी बघायच्या, जायच्या. थोड्या वेळाने परत. पुन्हा हात, पुन्हा नळी. भागूने विचारलं, आत्ताच तर बघितलंत ना? त्या म्हणाल्या, मघाचं मघा, आताचं आता. भागू त्या पाठमोऱ्या सिस्टरकडे बघत राहिली. पुन्हापुन्हा बघायचं, आणि वर कोणी हसत नाही, उलट महिन्याला पगार देतात, असं काम जगात आहे हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तिला दुसरं काही व्हायचं नव्हतं.

लेखी परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली. पण तुमच्या नर्सिंग स्कूलची एक रीत होती. पास झालेल्या मुलींना एक सकाळ वॉर्डात बसवायचे. प्रत्येकीला एक पेशंट. कशाला हात लावायचा नाही, औषधपाण्याचं बोलायचं नाही, नुसतं शेजारी स्टुलावर बसायचं, दोन शब्द बोलायचे, आणि काही वाटलं तर सिस्टरला हाक मारायची. इन्चार्ज सिस्टर आपल्या टेबलापाशी उभ्या राहून सगळ्यांवर नजर ठेवायच्या आणि दुपारी तुम्हाला सांगायच्या, कोण टिकेल आणि कोण नाही.

भागूच्या वाट्याला एक आजोबा आले. तिने पहिली हाक मारली ती सलाईनच्या नळीत बुडबुडा दिसला म्हणून. सिस्टर आल्या, काही नाही म्हणाल्या. दुसरी मारली आजोबांचे पाय गार लागले म्हणून. चादर सरकली होती, एवढंच. मग आजोबांना झोप लागली, तोंड उघडं पडलं, छाती हलेना. म्हणजे भागूला हललेली दिसेना. ती स्टुलासकट मागे पडली आणि गेले, गेले म्हणून ओरडली. अख्खा वॉर्ड उठून बसला. आजोबांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "अजून नाही गं पोरी. पण तू अशीच ओरडत राहिलीस तर सांगता येत नाही."

सगळे हसले. भागूही हसली, कारण आजोबा जिवंत होते. दुपारी तुमच्या खोलीत मात्र कोणी हसत नव्हतं. भिणारी बाई पेशंटलाही भिववते, म्हणालात. इथे काळीज घट्ट लागतं. वयाच्या अटीत अजून एक वर्ष बसतेस, तेवढ्यात हा भित्रेपणा टाकून ये. आणि तुम्ही घंटी वाजवलीत, पुढचीला बोलवायला.

ते वर्ष कसं गेलं ते ऐका.

मामाचं कवळ्या बनवायचं दुकान होतं. पुढे एक खुर्ची, मागे कारखाना, म्हणजे एक अंधारी खोली, मेणाचं पातेलं, प्लास्टरची पोती, आणि फळीवर लोकांचे जबडे. भागू तिथे साचे ओतायची, कवळ्या घासून चमकवायची. मामाने तिला बरं करायचं मनावर घेतलं. त्याचं पहिलं औषध होतं दात. भीती वाटली की दात दाखवायचे. तो म्हणायचा, मी आयुष्यभर दातांचा धंदा केलाय, दात दिसतायत तोवर आत काय चाललंय ते कोणाच्या बापाला कळत नाही. भागू आरशासमोर उभी राहून दात दाखवायला शिकली. फळीवरचे जबडे आणि ती, सगळे एकसारखे.

दुसरं औषध जालीम होतं. ती पाठमोरी काम करत असली की मामा मागून काहीतरी आपटायचा. ट्रे, डबा, एकदा तर खुर्ची. दचकायचं नाही, वळायचं नाही, हातातलं काम सोडायचं नाही. सुरुवातीला भागूच्या हातून तीन गिऱ्हाइकांचे दात फुटले. मामाने ते आपल्या खिशातून भरले आणि आपटणं चालू ठेवलं. हळूहळू ती दचकेनाशी झाली. मग वळेनाशी झाली. मामा आईला सांगायचा, बघ ताई, पोरगी कशी दगडासारखी झाली. आईला ते कौतुक वाटत नसे. ती भागूकडे असं बघायची जसं कोणी परकं माणूस घरात येऊन बसलंय.

एकदा मेणाचं पातेलं उतू गेलं आणि पेटलं. भागूच्या मागे भडका उडाला, मानेला धग लागली, मामा ओरडला, आग, आग. भागू कवळी घासत राहिली. दात दाखवून. तिला वाटलं हेही औषधच. मामाने ओली गोणी टाकली, तिला धरून गदागदा हलवलं आणि खोकत म्हणाला, "अगं बये, ही खरी होती." नंतर तो पुढच्या खुर्चीत जाऊन बसला. आईला सांगू नकोस, एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने काही आपटलं नाही. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि भीती गेली होती का? कुठची जाते. आधी ती पायात असायची, हातात असायची, जिभेवर असायची, येऊन जाऊन मोकळी असायची. आता ती आत कोंडली गेली. भागूला अन्न जाईना. झोपेत दात करकरा वाजायचे. नापास झाले तर काय, हा विचार सकाळपासून आत असायचा, आणि वर चेहऱ्यावर ते हसू. आई म्हणायची, सोड तो नाद. लाँड्रीत मालकीण जागा देतेय. आपल्या घरात कोणाचं काळीज घट्ट नाही, तुझंच कुठून होणार? आई हे माया म्हणूनच बोलायची. पण मायेने मारलेला दगडही लागायचा तिथेच लागतो. भागूला वाटू लागलं, जगात सगळ्यांना आधीच ठाऊक आहे की ही व्हायची नाही, फक्त एका सकाळचा उपचार बाकी आहे.

ती सकाळ आली. तोच वॉर्ड, त्याच इन्चार्ज सिस्टर. या वेळी तिला मिळाल्या एक शिंपीणबाई. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, गळ्याभोवती पांढरी पट्टी. बाई बोलक्या. घसा दुखतोय म्हणून कुजबुजत बोलायच्या, पण थांबायच्या नाहीत. भागूच्या कुडत्याची बाही बघून म्हणाल्या, हे कोणी शिवलंय, त्याला माझ्याकडे पाठव, कान उपटते. त्यांची नणंद तिथेच होती. ती हसली आणि चहा आणायला खाली गेली.

भागू बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, दात बाहेर. टेबलापासून इन्चार्ज सिस्टरनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, जणू म्हणत होत्या, ही तीच ना?

थोड्या वेळाने शिंपीणबाईंनी पट्टीत बोट घातलं. घट्ट वाटतेय, म्हणाल्या. मघाशी नव्हती वाटत.

तिने पट्टीकडे बघितलं. पट्टी तीच होती. वरचा गळा मघाचाच आहे की फुगलाय? मघाशी नीट बघितलाच नव्हता. मूर्ख कुठली, मघाशी बघायला नको? पण बुडबुडाही काही नव्हता. पायही गार नव्हते. आजोबाही मेले नव्हते. तीन हाका आणि तिन्ही फुकट. चौथी मारली आणि इन्चार्ज सिस्टर येऊन म्हणाल्या, काही नाही, पट्टी अशीच असते, तर मग लाँड्री. मग आयुष्यभर इस्त्रीची पिन.

तिने दात दाखवले. "होतं असं," ती म्हणाली.

कोणी सांगितलं होतं तिला की होतं असं? कोणीच नाही. दवाखान्यातली माणसं असं म्हणतात एवढंच तिला माहीत होतं.

बाई गप्प झाल्या. भागूला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की मघापासून न थांबणारी बाई थांबलीय. त्या उशीवर वर सरकल्या. पुन्हा खाली झाल्या. पुन्हा वर. काहीतरी बोलल्या, तर आवाज निराळाच, घोगरा आणि ओला, जसं तोंडात घोट धरून कोणी बोलतंय. त्यांनी थुंकी गिळायला मान पुढे केली आणि ती गिळली गेली नाही.

आतली सगळी भीती एकदम घशाशी आली आणि दातांवर येऊन आपटली. दात उघडेनात. वर्षभर जे शिकली होती ते तिच्यापेक्षा जोरकस झालं होतं. मागे ट्रे पडला तर वळायचं नाही. मागे आग लागली तर वळायचं नाही.

बाईंनी तिचा हात धरला. "सिस्टरला बोलावतेस का?" त्यांनी विचारलं. अगदी विनवून. जसं कोणी परक्याच्या दारात पाणी मागावं.

टेबलापाशी इन्चार्ज सिस्टर दुसऱ्या मुलीशी बोलत होत्या. हाकेच्या अंतरावर. भागूने त्यांच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

"येतीलच त्या," ती म्हणाली. आणि हसली.

बाईंचे डोळे मोठे होत गेले. त्यांची नखं भागूच्या मनगटात रुतली. ओठांचा रंग बदलत होता आणि भागू तो बदलताना बघत होती. तिला सगळं दिसत होतं. पाय, हात, ओठ, गळा, सगळं. तिच्याइतकं नीट त्या वॉर्डात कोणीच बघत नव्हतं. आणि ती दगडासारखी बसून होती, तुम्हाला हवी होती तशी.

किंचाळली ती नणंद. चहाचा थर्मास दारातच पडला. मग सगळ्या धावल्या, पडदा ओढला गेला, डॉक्टर आले, कोणीतरी कात्री मागितली, तिथेच खाटेवर टाके सोडले आणि आत साठलेलं रक्त मोकळं केलं. पडद्याच्या कडेने भागूला चादरीवर लाल पसरताना दिसलं. मग खाट ढकलत ऑपरेशनच्या खोलीकडे नेली. बाकीच्या उमेदवार मुली भिंतीला चिकटून रडत होत्या. एक उलटी करत होती. भागू स्टुलावर होती. मनगटावर नखांच्या चार चंद्रकोरी.

बाई वाचल्या. ते दुपारी कळलं. अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असं डॉक्टर नणंदेला सांगत होते, आणि भागू जवळच उभी होती.

आणि मग तुम्ही तिला आत बोलावलंत. तुम्ही खूश होतात. इन्चार्ज सिस्टर शेजारी उभ्या राहून सांगत होत्या की एवढा गोंधळ झाला, सगळ्या पोरी पळाल्या, ही मात्र शेवटपर्यंत पेशंटचा हात धरून बसली, चेहऱ्यावर रेघ हलली नाही. तुम्ही चष्मा काढलात. गेल्या वर्षीची तूच ना, म्हणालात. सुधारलीस. याला म्हणतात काळीज. सोमवारपासून ये, पांढरे बूट घेऊन. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने तिच्यापुढे बिस्किटाची बशी धरलीत.

तिने एक बिस्कीट घेतलं. ते तिच्या हातात चुरा होईपर्यंत ती बाहेर आली होती.

बाहेर बाकावर आई होती. लाँड्रीतून सुट्टी काढून आलेली, पदराचं टोक पिळत बसलेली. झालं, असं भागूने सांगितल्यावर आईने आधी ते दोनदा विचारून घेतलं, मग डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, मी वर्षभर तुझे पाय ओढले गं, मला काय कळतंय. मामाला फोन लाव म्हणाली. आईला एवढी मोकळी भागूने कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं आता बोलू नये. आणि तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं, घट्ट पट्टीपासून ओठांपर्यंत.

आईने इकडेतिकडे बघितलं. मग तिचं मनगट धरलं, नेमकं जिथे नखं रुतली होती तिथे.

"गप्प बस. बाई वाचली ना? कोणी बघितलं नाही. कोणाला काही कळणार नाही. तोंड उघडलंस तर सगळं जाईल, पोरी."

ती वाईट बाई नव्हती. तिला फक्त एकदा, एका पोरीसाठी, अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरायचं नव्हतं. आणि भागूलाही गप्प बसायचंच होतं. गप्प बसण्यात ती आता तरबेज होती. पदवीच मिळाली होती तिला त्यात.

तेवढ्यात जिन्यावरून शिंपीणबाईंची नणंद खाली आली. डोळे सुजलेले. भागूला बघून थांबली. तिने भागूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, वहिनी शुद्धीवर आल्या, बोलता येत नाही अजून. पण तू त्यांना एकटं सोडलं नाहीस, हे मी विसरणार नाही. तुझ्या आईवडिलांचे उपकार.

भागूचे दात दिसले. सवयीने. शिंपीणबाई उद्या बोलायला लागतील. त्या काय सांगतील? की मी मागितलं आणि ती हसली? की त्याही गप्प बसतील, उपकार मानून? यातलं कुठलं जास्त भयंकर, हे तिला ठरवता येईना. तिच्या डोळ्यांपुढे सोमवार आला. पांढरे बूट. दुसरी खाट, दुसरा गळा. आणि ती, दात दाखवत.

ती वळली. आई मागून हळू आवाजात हाका मारत होती. मोठ्याने मारायला ती भीत होती. भागूने तुमचं दार वाजवलं आणि ये म्हणायची वाट बघितली नाही.

तुम्ही बशी झाकत होतात. काय राहिलं, विचारलंत.

भागूला कापरं भरलं होतं. हात, हनुवटी, आवाज, सगळं हलत होतं, आणि तिने काहीच लपवलं नाही. तिने सांगितलं की मला दिसत होतं. पट्टी घट्ट झाली तेव्हा दिसलं, आवाज बदलला तेव्हा दिसलं. त्यांनी मला बोलवायला सांगितलं आणि मी बोलावलं नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, अगं, तू घाबरली असशील. भागू म्हणाली, हो. तुम्हाला.

तुम्ही बशी बाजूला सरकवलीत. मग समजुतीने म्हणालात की दार लावून घे. हे बाहेर बोलायचं नसतं. जागा तुझीच आहे, घरी जा, झोप काढ. चूक कोणाच्या हातून होत नाही?

म्हणजे खरं सांगितल्यावरही तुम्ही तिला शिक्षा केली नाहीत. तिला ती हवी होती. शिक्षा झाली असती तर निदान काहीतरी चुकलं होतं हे तरी ठरलं असतं.

तिने दार लावलं नाही. कॉरिडॉरमध्ये आई उभी होती, नणंद उभी होती, दोन उमेदवार मुली बाकावरून उठून बघत होत्या. भागूने खुर्चीची पाठ धरली.

"गेल्या वर्षी मी हाक मारली म्हणून तुम्ही मला घालवलंत," ती म्हणाली. "या वर्षी मारली नाही म्हणून घेताय. जागेचं नंतर बघा, द्या किंवा देऊ नका. उद्या सकाळी दुसऱ्या मुली येऊन त्या स्टुलांवर बसणार आहेत. त्यांच्या पेशंटला श्वास घेता येईना झाला, तर त्यांनी हाक मारायची की हसायचं? मी इथून हलणार नाही. सांगा मला, बाई. काय करायचं त्यांनी?"